पापणीच्या कडेवरचं तेल

पापणीची कड हलकेच दाबून बघायला डॉक्टरांना मिनिटभरही लागत नाही. माझी तशी तपासणी झाली तोवर त्रास सुरू होऊन बराच काळ लोटला होता. मधल्या काळात चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, काचा बदलून झाल्या होत्या, ॲलर्जीचे थेंब घालून झाले होते, डोळ्यांचा दाब आणि मागचा पडदाही बघून झाला होता. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सगळं नॉर्मल आहे. ते खोटं नव्हतं. जे तपासलं ते खरोखरच नॉर्मल होतं. पापणीची कड मात्र कुणी बघितली नव्हती, आणि दुखणं तिथेच होतं. म्हणून हा अनुभव जरा तपशिलात लिहिते आहे.

माझं काम दिवसभर मजकूर वाचण्याचं आणि तपासण्याचं. सकाळी उठल्यावर पापण्या जड असायच्या, कडा चिकटलेल्या, केसांच्या मुळाशी पांढुरकी चिपडं. दुपारपर्यंत जरा बरं वाटायचं. चारनंतर चुरचुर सुरू व्हायची, डोळ्यांत बारीक कण गेल्यासारखं खुपायचं, आणि दिवेलागणीला डोळे मिटून बसावं असं व्हायचं. सगळ्यात जास्त छळलं ते धूसरपणाने. वाचता वाचता अक्षरं विरघळायची. पापणी मिटून उघडली की लख्ख दिसायची आणि दोन-तीन ओळींत पुन्हा विरघळायची. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. नंबर बदललेला असेल तर नुसती पापणी लवल्याने दिसणं सुधारत नाही. डोळ्यावरचा अश्रूंचा थर लवकर फाटत असेल तर सुधारतं, कारण दर वेळी पापणी तो थर नव्याने पसरवते.

शिवाय डोळ्यांतून पाणी वाहायचं. वाऱ्यात गेलं की धारच लागायची. त्यामुळे नव्या डॉक्टर ‘डोळे कोरडे आहेत’ म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, “मग एवढं पाणी येतं कुठून?”

त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच जाड. त्यात बुबुळाला लागून चिकट श्लेष्मा असतो, त्यात मिसळलेलं पाणी असतं, आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा. हे तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही आणि थर एकसारखा पसरून ठेवतं. तेल कमी पडलं किंवा बिघडलं की पाणी भराभर उडतं, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथल्या नसा चेतवल्या जातात आणि अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळतं, पण तेलाविना डोळ्यावर टिकत नाही. म्हणजे वाहणारं पाणी हे कोरडेपणाचंच लक्षण. माझ्या मनातली गाठ त्या एका आकृतीने सुटली.

हे तेल पापणीतल्या मायबोमियन ग्रंथी बनवतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. पापणीच्या जाडीत त्या उभ्या, एकमेकींना समांतर असतात आणि पापणीच्या केसांच्या किंचित मागे, कडेवर, त्यांची इवलीशी तोंडं उघडतात. पापणी पूर्ण मिटली की स्नायूंचा दाब पडून तेलाचा अंश बाहेर येतो, आणि पापणी उघडताना तो डोळ्यावर पसरतो. दिवसभर, आपल्या नकळत, हे चालू असतं.

बिघाड बहुधा तोंडाशी सुरू होतो. नळीच्या आतल्या आवरणाच्या पेशी जाड होऊन गळतात, तेल घट्ट होतं, दोन्ही मिळून तोंड बुजतं. मागे तेल साचत राहतं, त्याचा दाब ग्रंथीवर येतो, ती आधी फुगते आणि पुढे सुकत जाते. कडेवरचे जिवाणू साचलेल्या तेलाचे घटक मोडतात, त्यातून निघणारी आम्लं कडेला दाह आणतात, आणि दाहामुळे तोंडं आणखी बुजतात. एकाने दुसऱ्याला वाढवायचं, दुसऱ्याने पहिल्याला, असं ते चक्र. डॉक्टर याला मायबोमियन ग्लँड डिसफंक्शन, थोडक्यात ‘एमजीडी’ म्हणतात. २०११ साली टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी या संस्थेने तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय कार्यगट भरवून या विकाराची व्याख्या पक्की केली आणि जगभरात कोरड्या डोळ्यांचं हेच आघाडीचं कारण असावं असं नोंदवलं. हे वाचल्यावर मला फार वाईट वाटलं. जे इतक्या जणांना होतं, ते बघायला इतका वेळ का लागावा?

आता तपासणीबद्दल. ती नीट क्रमाने झाली, आणि तो क्रमही महत्त्वाचा असतो.

आधी प्रश्न. डोळे कधी जास्त दुखतात, सकाळी की संध्याकाळी? स्क्रीनसमोर किती वेळ जातो? कॉन्टॅक्ट लेन्स? डोळ्यांची कुठली शस्त्रक्रिया? तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का? हे शेवटचे प्रश्न शोग्रेन नावाच्या आजारासाठी होते. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळ बनवणाऱ्या ग्रंथींवर उलटते. मग औषधांची यादी. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनी अश्रू कमी होऊ शकतात. मुरमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन थेट मायबोमियन ग्रंथींवर परिणाम करतं. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांच्या पापण्यांच्या कडाही बिघडलेल्या दिसतात. चेहऱ्यावर रोझेशिया आहे का, गाल-नाक लाल होतात का, हेही विचारलं, कारण त्वचेचा तो विकार आणि एमजीडी अनेकदा हातात हात घालून येतात. माझ्या बाबतीत पाळी जाण्याचं वय जवळ आलेलं आणि दिवसातले बहुतेक तास स्क्रीनसमोर, ही दोन कारणं त्यांना पुरेशी वाटली. या ग्रंथी संप्रेरकांच्या, विशेषतः अँड्रोजनच्या प्रभावाखाली काम करतात, त्यामुळे वयाचा आणि त्यांचा संबंध जवळचा आहे.

मग डोळ्याला फ्लुरोसीनचा नारिंगी रंग लावला. स्लिट लॅम्प या डोळे मोठे करून बघायच्या यंत्राच्या निळ्या उजेडात अश्रूंचा थर त्या रंगाने हिरवट चमकतो. ‘एकदा पापणी मिटा, उघडा, आणि आता मिटू नका’ असं सांगून डॉक्टर सेकंद मोजू लागल्या. थर फाटला की तिथे काळा डाग दिसतो. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कमी टिकतो असं धरतात. माझा तीन-चार सेकंदांतच फाटत होता. मला ते तीन-चार सेकंद आतून जाणवतही होते, कारण डोळा नेमका तेव्हाच चुरचुरायला लागायचा.

त्यानंतर शिर्मर चाचणी. खालच्या पापणीच्या कडेला गाळण कागदाची पट्टी अडकवायची, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. ही चाचणी रंगाच्या चाचणीनंतरच करतात, कारण पट्टीने डोळा चुरचुरून पाणी येतं आणि मग थराची मोजणी बिघडते. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाण्याचीच टंचाई आहे असं समजतात. माझी पट्टी छान भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं, उणीव तेलाची होती.

शेवटी पापणीची कड. डॉक्टरांनी बधिर करणारा थेंब घातला आणि कापसाच्या बोळ्याने खालची पापणी कडेच्या जरा खाली दाबली. निरोगी ग्रंथीतून यात स्वच्छ, पातळ तेलाचा थेंब येतो. बिघाड वाढत जातो तसं ते आधी गढूळ होतं, मग कणीदार, आणि शेवटी टूथपेस्टसारखं घट्ट. डॉक्टरांनी पडद्यावर मला माझीच पापणी मोठी करून दाखवली. मधल्या काही ग्रंथींतून गढूळ तेल आलं, एक-दोन ठिकाणी घट्ट पांढरी दोरी बाहेर पडली, आणि नाकाकडच्या बाजूने काहीच आलं नाही. डोळ्यांबद्दल इतकी वर्षं वाटत राहिलेली एक अस्पष्ट भीती त्या चित्राने ठोस झाली, आणि गंमत नाही, खरंच, मला हायसं वाटलं. दुखणं दिसत होतं. मनाचे खेळ नव्हते.

पापणी उलटून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ग्रंथींचा फोटोही काढला. याला मायबोग्राफी म्हणतात. चांगल्या ग्रंथी उभ्या, उजळ रेघांसारख्या कडेपासून आतवर गेलेल्या दिसतात. माझ्या वरच्या पापणीत त्या बऱ्यापैकी शाबूत होत्या. खालच्या पापणीत नाकाच्या बाजूला काही रेघा आखूड झालेल्या, काही पुसल्या गेलेल्या. “ज्या पूर्ण सुकल्या त्या परत येतील असं मी सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण ज्या बुजल्यात त्या मोकळ्या करता येतील, आणि ज्या चांगल्या आहेत त्या जपता येतील.” हे वाक्य ऐकायला कठीण होतं, पण पुढचं सगळं मी त्याच्याच भरवशावर केलं.

उपचाराचा कणा म्हणजे शेक. नुसतं ‘गरम पाण्याचा शेक घ्या’ एवढं सांगून काम भागत नाही, कारण सगळं तापमानावर अवलंबून आहे. निरोगी ग्रंथीतलं तेल पापणीच्या नेहमीच्या उबेला पातळ राहतं. बिघडलेल्या ग्रंथीतलं तेल वितळायला त्याहून जास्त उष्णता लागते. पापणीच्या आतल्या बाजूला साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत ऊब पोचली पाहिजे, तीही काही मिनिटं टिकून. आणि बाहेरच्या कातडीला ४५ अंशांच्या वर नेलं तर भाजण्याचा धोका. मधली पट्टी अरुंद आहे. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो, म्हणून रुमालाने शेकायचं तर तो सारखा बदलावा लागतो. मी दाणे भरलेला, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मास्क घेतला. तो ऊब जास्त वेळ धरून ठेवतो. तापवल्यावर तो हलवायचा, म्हणजे एकाच ठिकाणी जास्त ताप राहत नाही, मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि मगच डोळ्यांवर. सकाळ-संध्याकाळ आठ ते दहा मिनिटं.

मास्क डोळ्यावर दाबायचा नाही, नुसता ठेवायचा, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. गरम झालेल्या बुबुळावर दाब आला तर त्याचा आकार तात्पुरता बदलून दिसणं अंधूक होतं. आणि डोळे चोळायची सवय असेल तर ती मोडायचीच, कारण जोरात चोळण्याने बुबुळाची वक्रता कायमची बिघडू शकते.

शेक झाल्या झाल्या, पापणी गरम असतानाच मसाज. वरच्या पापणीवरून बोट खाली, कडेकडे आणायचं. खालच्या पापणीवरून वर, पुन्हा कडेकडेच. ग्रंथींची तोंडं कडेवर आहेत, तेव्हा तेल तिकडेच ढकलायचं. दाब पापणीवर द्यायचा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पापणी किंचित ताणून धरली की हे सोपं जातं. मग कडेची सफाई. पूर्वी त्यासाठी पातळ केलेला बेबी शॅम्पू सांगत असत. आता पापण्यांसाठी खास बनवलेले वाइप्स किंवा फोम सुचवतात, कारण शॅम्पूने अश्रूंच्या थरातल्या श्लेष्म्याला त्रास होतो असं दिसून आलं आहे. केसांच्या मुळाशी, आडवं हलकं पुसायचं. आयलायनर किंवा काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावलं की ते थेट ग्रंथींच्या तोंडावर बसतं, म्हणून ते बंद.

सुरुवातीच्या आठवड्यांत मसाजनंतर तासभर सगळं तेलकट धूसर दिसायचं. साचलेलं वाईट तेल बाहेर येतं तेव्हा असं होतं, असं आधी सांगितलं नसतं तर मी घाबरून शेक सोडून दिला असता. अनेकजण इथेच सोडतात. महिना-दीड महिना फार फरक जाणवत नाही, आणि रोज दोनदा मास्क लावून पडून राहणं फुकट वाटू लागतं. मी वहीत रोज सकाळी आणि संध्याकाळी शून्य ते दहामध्ये त्रासाचा आकडा लिहीत असे. त्या आकड्यांनी मला तारलं. रोजच्या अनुभवावरून काहीच बदललेलं वाटत नव्हतं, पण पानं उलटून बघितली की संध्याकाळचे आठ-नऊ हळूहळू सहा-सातावर आलेले दिसायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे पापणी मिटणं. बोलताना माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मिटणं अर्धवट होतं. वरची पापणी अर्ध्यात येऊन परत फिरते, खालच्या पापणीला टेकतच नाही. मग ग्रंथींवर दाब पडत नाही, तेल बाहेर येत नाही, आणि डोळ्याचा खालचा भाग उघडाच राहतो. डॉक्टरांनी माझा स्क्रीन वाचतानाचा छोटा व्हिडिओ काढून दाखवला. जवळजवळ प्रत्येक मिटणं अर्धवट! त्यांनी दिलेला व्यायाम असा: डोळे सावकाश मिटायचे, दोन सेकंद मिटलेले ठेवायचे, उघडायचे, पुन्हा मिटून पापण्या हलकेच एकमेकींवर दाबायच्या, उघडायचे. असं काही वेळा, दर वीस मिनिटांनी. त्याच वेळी वीसेक फुटांवरच्या कशाकडे तरी बघायचं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या खाली आणली, त्यामुळे नजर खाली राहते आणि डोळा कमी उघडतो. पंख्याचा आणि एसीचा झोत चेहऱ्यावरून हलवला. या फुकटच्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते शेकाइतक्याच मोलाच्या.

थेंबांबद्दल. कोरड्या डोळ्यांचे थेंब म्हणजे बहुधा कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा हायलुरोनेट असलेले वंगण देणारे थेंब. माझ्यासारख्यांना तेलाचा अंश असलेले थेंब जास्त मानवतात, कारण उणीव तेलाची असते. बाटलीतल्या बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन असतं. ते अधूनमधून चालतं, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालायचे असतील तर तेच रसायन डोळ्याचा पृष्ठभाग दुखवतं. तेव्हा ते नसलेले, एकदा वापरून टाकायच्या छोट्या नळ्यांतले किंवा खास झडपेच्या बाटलीतले थेंब घ्यावेत. लाली घालवणारे थेंब हा वेगळाच प्रकार. ते रक्तवाहिन्या आकसवतात, परिणाम उतरला की लाली दुपटीने परतू शकते, आणि कोरडेपणावर त्यांचा काही उपयोग नाही. आणि स्टिरॉइडचे थेंब! त्यांनी दोन दिवसांत डोळा इतका छान वाटतो, की उरलेली बाटली पुढच्या वेळी स्वतःच काढून घालण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे दिवस घातले तर ते गुणकारी आहेत; देखरेखीविना घालत राहिलात तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही.

मला मध्ये काही आठवडे कमी मात्रेत डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं होतं. इथे ते जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करण्यासाठी आणि तेल मोडणाऱ्या जिवाणूंच्या विकरांना आवर घालण्यासाठी देतात. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात कातडी लवकर भाजते म्हणून जपायचं. गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत. त्या काळात कडांची लाली स्पष्ट कमी झाली. दोनदा दवाखान्यात डॉक्टरांनी स्वतः ग्रंथी दाबून मोकळ्या केल्या. बधिर करूनही ते दुखतं. पण घरच्या मसाजने न हललेली घट्ट तोंडं त्याने उघडली.

पापणी आतून-बाहेरून तापवून दाबणारी यंत्रं आहेत, तीव्र प्रकाशाच्या झोतांचा आयपीएल उपचार आहे. दोन्हींचा अनेकांना फायदा होतो. आयपीएलमध्ये त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे गडद वर्णाच्या त्वचेवर भाजण्याची आणि डाग पडण्याची भीती असते. माझा वर्ण बघून डॉक्टरांनीच ‘आधी बाकीचं पुरतंय का पाहू’ म्हटलं, आणि पुरलं. ओमेगा-३च्या गोळ्यांबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण ज्याला त्याला त्यांचंच नाव सुचतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ या मोठ्या चाचणीत एका गटाला रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ आणि दुसऱ्याला ऑलिव्ह तेल असं वर्षभर दिलं; दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, पण त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मी त्या घेत नाही.

पापणीच्या केसांच्या मुळाशी नळीसारखी, गोल कोंड्याची वळी दिसत असतील तर डेमोडेक्स नावाचे अतिसूक्ष्म परजीवी वाढलेले असू शकतात. त्याचा उपचार वेगळा. माझ्या पापण्यांत ते नव्हते. पण खाज प्रामुख्याने मुळाशी येत असेल तर हे जरूर विचारा.

या आजाराचा एक जाच बाहेरून दिसत नाही. कोरड्या डोळ्यांत लक्षणं आणि तपासणी यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. एखाद्याच्या ग्रंथी अर्ध्या सुकलेल्या असतात आणि तक्रार फारशी नसते. दुसऱ्याचं सगळं ठीक दिसतं आणि त्याला दिवा सहन होत नाही. त्यामुळे ‘डोळे तर चांगले दिसतायत’ हे वाक्य घरी, कामावर, सगळीकडे ऐकावं लागतं. जे वाचूनच पोट भरतात त्यांना संध्याकाळी वाचता न येणं ही लहान गोष्ट नाही. मला त्या काळात चिडचिड होत असे, झोपेआधी उद्याच्या कामाची धास्ती वाटत असे. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते नोंदीत लिहून घेतलं, आणि मला ते फार बरं वाटलं.

वर्षभराने पुन्हा सगळ्या चाचण्या झाल्या. अश्रूंचा थर आता सात-आठ सेकंद टिकतो. खालच्या पापणीतून बहुतेक ठिकाणी तेल येतं, थोडं गढूळ, पण वाहतं. मायबोग्राफीत गेलेल्या रेघा गेलेल्याच आहेत; नवी एकही गेलेली नाही. आता शेक दिवसातून एकदा, संध्याकाळी. लांबचा विमानप्रवास झाला, त्या कोरड्या हवेत बरेच तास काढले, की चार दिवस पुन्हा दोनदा. कामाची गर्दी असली की आकडा पाचाच्या वर चढतो. मग मी वही उघडून बघते की पापणीचा व्यायाम चुकला का, आणि बहुधा चुकलेला असतो.

काही लक्षणांना मात्र शेकाची वाट बघू नये. डोळा एकदम जोरात दुखणं, उजेड अजिबात न सोसणं, नजर अचानक कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं: त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. बुजलेल्या ग्रंथींमुळे पापणीवर गाठ येणं नेहमीचं आहे. दुखरी रांजणवाडी असो किंवा न दुखणारी गाठ, ती शेकाने बऱ्याचदा जिरते. पण उतारवयात त्याच जागी पुनःपुन्हा गाठ येत असेल किंवा तिथले पापणीचे केस गळत असतील तर ती काढून तपासायला पाठवावी लागते, कारण याच तेलग्रंथींचा कर्करोग अशा साध्या गाठीच्या रूपात येऊ शकतो. तो क्वचित होतो, पण सुटला तर महाग पडतो.

हल्ली हे सगळं आईसाठी उपयोगी पडतं आहे. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आत बसवायच्या भिंगाचा नंबर बुबुळाची वक्रता मोजून काढतात, आणि ती मोजणी अश्रूंच्या थरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावर चालते. थर फाटका असेल तर आकडे दर वेळी वेगळे येतात आणि भिंगाचा नंबर चुकू शकतो. तिचे दोन वेळचे आकडे जुळेनात तेव्हा मी तिथल्या डॉक्टरांना तिच्या पापण्या दाबून बघायची विनंती केली. त्यांनी लगेच बघितल्या. तेल घट्ट होतं. “ऑपरेशनची घाई नाही, आधी कडा सुधारू,” असं म्हणून त्यांनी तारीख पुढे ढकलली. आई आधी नाराज झाली. “अगं, माझा मोतीबिंदू काढायचाय आणि हे पापणीचं काय काढलंस?” मी तिला माझ्या मायबोग्राफीचा फोटो दाखवला, पुसलेल्या रेघा दाखवल्या. आता रोज संध्याकाळी तिचा वेगळा मास्क तापतो, मनगटावर तपासून मी तो तिच्या डोळ्यांवर ठेवते, आणि मसाज तिची ती करते. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणी आहे. आकडे जुळले की तारीख मिळेल.